बयाबाईने ठेवलेला खांब

रोज सकाळी, चुलीवर चहाचं पाणी ठेवायच्याही आधी, बयाबाई दाराशी उभ्या असलेल्या गोणीत हात घालायची, चिमूटभर पांढरी माती काढायची आणि समोरच्या दातांमध्ये धरून हळूच चावायची. मान एका अंगाला कललेली, डोळे मिटलेले. माती करकर वाजली तर तिच्यात वाळू आली म्हणायची, ती गोणी बाजूला. काहीच आवाज न करता लोण्यासारखी जिभेवर पसरली तर ती नुसती चिकणमाती, तीही बाजूला. पण दातांत अगदी बारीक, नव्या लुगड्याची घडी मोडावी तसा आवाज आला की बयाबाई डोळे उघडून "हां" म्हणायची, चूळ भरायची आणि गोणीचं तोंड बांधायची.

"आत्याबाई, लोक सकाळी दात घासतात. तुम्ही दातांनी माती घासता," तिची सून प्रतिभा म्हणायची.

"तुला काय कळतंय! उद्या कुणाच्या देवाच्या भांड्याला चरा पडला तर तो तुझ्या नाय, माझ्या नावानं बोटं मोडंल."

ही माती भांडी घासण्यासाठीची. निफाडच्या पुढे कादवा नदीला मिळणारा एक ओढा आहे, त्याच्या उंच दरडीच्या पोटात तिचा अडीच-तीन हात जाडीचा थर होता. बयाबाईच्या सासूला तो कधीतरी सापडला, तिने सुनेला दाखवला आणि कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. सोमवारी बयाबाई माती काढायची, चाळायची. मंगळवारी सकाळच्या एसटीने गोणी घेऊन नाशिकला यायची. भांडी बाजारातले दोन तांबट आणि पंचवटीतली सात-आठ घरं एवढं तिचं गिऱ्हाईक. पूर्वी पुष्कळ होतं. पाकिटातली पावडर आली, स्टीलची भांडी आली आणि एकेक दार बंद झालं. उरली ती पूजेची घरं. तिथल्या तांब्याला मात्र बयाबाईचीच माती लागायची.

त्यातलं एक घर आभाचं. आभाचे वडील, चिंतामणगुरुजी, यात्रेकरूंच्या पूजा सांगायचे. घरात ताम्हनं, पळ्या, पंचपात्र्या, कलश यांचा नुसता ढीग. मंगळवारी दुपारी आभाची आई शैला मोरीपाशी पाट मांडून बसायची आणि बयाबाई समोर उकिडवी. एक घासायची, दुसरी विसळायची आणि दोघींच्या तोंडाचे पट्टे चालू. लहानगी आभा उंबऱ्यावर बसून बघायची. काळवंडलेलं ताम्हन बयाबाईच्या हाताखाली आधी तपकिरी व्हायचं, मग लाल, आणि शेवटी लहान बाळाच्या टाचेसारखं कोवळं गुलाबी. आभा तिला बयामावशी म्हणायची. शाळेला सुट्टी असली की मंगळवार कधी येतो याची वाट बघायची.

पुढे आभा भूशास्त्र शिकायला पुण्याला गेली आणि तिथेच पीएच.डी.ला लागली. तीन वर्षं झाली तरी हाताशी धड काही नव्हतं. तिला शोधायची होती ज्वालामुखीची जुनी राख. आपल्याकडचा काळा पाषाण नव्हे. तो भेगांमधून वाहत आलेल्या पातळ लाव्ह्याचा, त्याचे थर तर पावलोपावली. तिला हवी होती समुद्रापलीकडून वाऱ्यावर आलेली राख. दख्खनच्या एक-दोन नद्यांच्या काठी ती सापडलेली होती. कुठल्या स्फोटाची, यावर जाणकारांचे वाद होते. वाद मिटवायला कुणी हात न लावलेला, सरमिसळ न झालेला थर हवा. तो नाही मिळाला तर प्रबंध नाही, हे मार्गदर्शक सरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

नवरात्राच्या आधी ती घरी आली होती. आईबरोबर समया घासताना बोटांना लागलेल्या पांढऱ्या लगद्याकडे ती एकदम बघतच राहिली. इतकी वर्षं तो बघितलेलाच होता. चिमूटभर माती तिने औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरून पुण्याला नेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. खाली काच होती. निव्वळ काच. काकणं फुटल्यावर अंगणात पडतात तसे वाकडे, पातळ, पारदर्शक तुकडे. फेसातला एकेक बुडबुडा फुटला आणि त्याच्या भिंती थिजून राहिल्या, त्यांचे ते तुकडे.

पुढच्या मंगळवारी ती पहिल्या गाडीने नाशिकला हजर.

"मावशी, माती कुठून आणतेस?"

"जमिनीतनं."

"ते झालं गं. पण कुठल्या?"

"वहिनी," बयाबाई शैलाकडे वळली, "पोरगी धंदा काढती वाटतं माझ्यासमोर."

हसण्यावारी गेलं, पण जागा तिने सांगितली नाही. दिवाळीत विचारलं, नाही. संक्रांतीला विचारलं, नाही. "सासूला शब्द दिलाय, पोरी. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द परत घेता येत नाय. घ्यायचा तर कुणाकडनं घ्यायचा?"

मग फेब्रुवारीत एकदा आभा मोरीपाशी नुसती बसली होती. बोलता बोलता तिने गोणीतून चिमूट उचलली आणि दातांत धरून चावली. मान कलती झाली, डोळे आपोआप मिटले. उघडले तर बयाबाई हातातला कलश तसाच धरून तिच्याकडे बघत होती.

"ह्ये तुला कुणी शिकवलं?"

"कॉलेजात. पहिल्याच वर्षी. गाळ आणि चिकणमाती ओळखायची असली तर सर सांगतात, दाताखाली धरा."

बयाबाई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पदर तोंडाला लावावा लागला. "वहिनी, ऐकलं का? माती चावायला कॉलेज लागतं! आन फी बी भरली आसंल!" मग पदराने डोळे पुसत, जरा वेळाने, वेगळ्याच आवाजात म्हणाली, "सोमवारी ये. येकटी ये."

आभा एकटीच गेली. दरड दोन पुरुष उंच होती. वर एक बाभूळ, खाली ओढ्याचं वाळलेलं पात्र. मध्ये, कमरेच्या उंचीवर, पांढरा थर आडवा गेलेला, आणि त्यात एक लांबट पोकळी, वाकून शिरावं लागेल एवढी. बावीस वर्षं बयाबाईने आणि तिच्याआधी तिच्या सासूने हाताने कोरलेली. पण सगळं कोरलेलं नव्हतं. तीन-तीन हातांवर पांढऱ्या मातीचेच जाड खांब उभे ठेवलेले होते. मधल्या खांबाला बयाबाईने तळहात लावला, गोठ्यातल्या गाईला लावतात तसा.

"ह्यांला हात नाय लावायचा. ह्ये छताचे."

दुपारी दोघी बाभळीच्या सावलीत बसल्या. बयाबाईने फडक्यातून भाकरी आणि लसणाची चटणी काढली. आभाने तिला सांगितलं की ही माती नाही, राख आहे.

"कुणाच्या चुलीची?"

"लय लांबच्या," आभा तिच्याच बोलीत म्हणाली. "समुद्रापलीकडे सुमात्रा बेट आहे. तिथे तोबा नावाचं तळं आहे. चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वी तिथे जमीन फुटली होती. तिथून उडालेली राख वाऱ्याबरोबर आपल्या देशावर येऊन पडली. ही तीच आहे, असं मला वाटतं. तेच सिद्ध करायचंय."

"डोंगर फुटला म्हण की."

"डोंगर नव्हे. डोंगराच्या टोकातून आग उडते तो साधा ज्वालामुखी. ह्या महाज्वालामुखीला बहुतेक वेळा डोंगरच नसतो. जमिनीखाली दोन-तीन कोसांवर वितळलेला दगड साठत राहतो, काकवीसारखा दाट. त्यात वायू कोंडलेला. साठून साठून वरची जमीन फुगते."

"तव्यावरच्या भाकरीवानी."

"अगदी तशी. पण हजारो वर्षं. मग कधीतरी छताला गोल भेगा जातात आणि त्या भेगांमधून आतलं सगळं फेसाळत बाहेर येतं. त्याचीच ही राख. आता जेवढं बाहेर गेलं तेवढं आत रिकामं झालं ना? छत ज्याच्या जोरावर तोललेलं होतं तेच निघून गेलं. मग ते अख्खंच्या अख्खं खाली बसतं. बसताना आतलं उरलंसुरलं आणखी दाबून बाहेर काढतं. सगळं शांत झाल्यावर तिथे असतो फक्त एक प्रचंड खड्डा. कॅल्डेरा म्हणतात त्याला. तोबाचा शंभर किलोमीटर लांब आहे. पुढे त्यात पाणी साठलं आणि तळं झालं."

बयाबाई घास हातात धरून ऐकत होती. "म्हंजे पोट रिकामं झालं आन छत बसलं."

"हो."

"मग त्येंनी खांब नव्हते ठेवले?"

"कुणी, मावशी?"

"कुणी का असंना."

"जमिनीला कोण खांब ठेवणार?"

"त्येच म्हणते मी," बयाबाई म्हणाली आणि घास तोंडात टाकला. चावून झाल्यावर तिने विचारलं, "आन आता काय हाय तिथं?"

"आता खालून पुन्हा भरतंय, हळूहळू. तळाचा एक भाग वर उचलला गेला, त्याचं तळ्यात बेट झालंय. लोक राहतात त्यावर. शेती करतात."

"राहत्यात? त्याच्यावर?" बयाबाईने थोडा विचार केला. "राहतील नाय तर. कुठं जातील बिचारे."

त्या दिवशी बयाबाई चाळण घेऊन ओढ्यात उतरली आणि आभा पोकळीत शिरली. भिंतींची माती वर्षानुवर्षं ओरबाडलेली, वरचं खाली पडून मिसळलेली. प्रयोगशाळेला ती चालली नसती. कुणी हात न लावलेला, थरावर थर जसेच्या तसे असलेला भाग तिथे पुढच्या अंगाला एकच होता. मधला खांब. कडेच्या खांबांत मुळं शिरली होती. आभाने त्याच्या कडेतून वीतभर उंचीचा एक चौकोनी तुकडा पत्र्याच्या खोक्यात कापून घेतला. वीतभरच, असं तिने मनाला सांगितलं.

बयाबाईने वर येऊन ती खाच बघितली. "इथलं का घेतलं?"

"इथलंच शुद्ध आहे, मावशी."

बयाबाई ओढ्यात उतरली. तिने तीन चपटे दगड आणले, खाचेत एकावर एक घट्ट बसवले, सांदीत चिखल दाबला. मग हात झटकत म्हणाली, "ऱ्हाऊ दे आता आसंच." मंगळवारी सकाळी दोघी एकाच एसटीने नाशिकला निघाल्या, उघडं खोकं आभाच्या मांडीवर.

पंधरा दिवसांनी आभा फोटो काढायला पुन्हा गेली. प्रबंधाला थरांचा स्वच्छ फोटो लागतो, बाजूला मोजपट्टी लावून. उजेड चांगला होता, सकाळचा, तिरपा. सगळं छान दिसत होतं, फक्त मधे ते तीन काळे दगड. आभाने ते काढून बाजूला ठेवले. आठ-दहा फोटो घेतले. तेवढ्यात वरून बयाबाईने हाक मारली, की निफाडची गाडी यायची वेळ झाली, ही चुकली तर पुढची दोन तासांनी. आभा पिशवी उचलून धावत सुटली. गाडी मिळाली. खिडकीशी जागाही मिळाली.

आठवड्याने प्रयोगशाळेचं पत्र आलं: नमुना अपुरा आहे, अजून दोन किलो, तशाच न हाललेल्या थरातला, महिनाअखेरीच्या आत. आभाला त्याच आठवड्यात विभागात सेमिनार द्यायचा होता. रविवारी संध्याकाळी तिने बयाबाईला फोन केला.

सोमवारी सकाळी प्रतिभा द्राक्षबागेच्या कामाला गेली. दुपारी सासूची भाकरी घेऊन ती ओढ्यावर आली तेव्हा तिला आधी कळेचना की नेमकं काय वेगळं आहे. बाभूळ जागेवरच होती. सरळ उभी, पानंही न गळलेली. फक्त ती कमरेइतकी खाली गेली होती. तिच्याभोवतीची जमीनही तशीच खाली, तुकडा न मोडता, थाळीसारखी. आणि दरडीतली पोकळी कुठे नव्हती.

गावातल्या माणसांनी हाताने उकरलं. संध्याकाळ व्हायच्या आत बयाबाईला बाहेर काढलं. तिच्या केसांत, पापण्यांवर, सगळीकडे ती पांढरी बारीक राख होती, आणि बायकांनी कितीही पाणी घातलं तरी ती काही पूर्ण निघाली नाही.

आभा मंगळवारी पोचली. सगळं आटोपलं होतं. ती ओढ्यावर गेली आणि वरच्या काठाशी उभी राहिली. खचलेल्या जमिनीच्या कडेने भेगा पडल्या होत्या, गोल, एकात एक. असल्या भेगांची चित्रं तिने शेकडो वेळा काढली होती. कुठली आधी पडली असेल, कुठली नंतर, हे तिला बघताक्षणी सांगता आलं असतं. तिने डोळे मिटून घेतले. मग खाली उतरली. ओढ्याच्या बाजूला, ढिगाच्या बाहेर, तीन चपटे दगड पडलेले होते. तिने जिथे ठेवले होते तिथेच, एकाला एक लागून.

बयाबाईने आत जाताना ते बघितले असतील का? बघितले असतील तर बसवायचे का राहिले? की घाईत लक्षच गेलं नाही, आभाची माती काढायच्या घाईत? हे आता आभाला कुणीच सांगणार नव्हतं.

बयाबाईच्या घरी प्रतिभा भिंतीला टेकून बसली होती. आभाला बघून म्हणाली, "ताई, बावीस वरसं जायच्या त्या आत. त्यांला तर मुंगीएवढी भेग पडली तरी कळायचं. कसं झालं ओ आसं?"

आभाने सांगितलं. सगळं सांगितलं. खांबातून काय कापलं, दगड कशासाठी काढले, परत ठेवायचे कसे राहिले. सांगताना तिचा आवाज चढला नाही, थरथरलाही नाही, म्हणून तिला स्वतःचीच भीती वाटली.

 बाहेर प्रतिभाचा नवरा सावळीराम आल्यागेल्याला पाणी देत होता. त्याच्याकडे एकदा बघून ती हळूच म्हणाली, "ह्ये यांला नका सांगू, ताई." मग उठली आणि कोपऱ्यातून एक पिशवी घेऊन आली. दोन किलोची असेल. तोंड फडक्याच्या चिंधीने दोन गाठी मारून बांधलेलं. "बाहेर होती. वाटेवरच्या लिंबाखाली, सावलीला ठेवलेली. तुमचीच आसंल. त्यांची गोणी तर रिकामीच होती."

म्हणजे आभाचं काम करून झालं होतं. ते करून, पिशवी बाहेर सावलीला ठेवून, बयाबाई परत आत गेली होती. आपली गोणी भरायला गेली असेल. किंवा दगड बसवायला. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता.

त्या पिशवीच्या गाठी आभाने आठ महिने सोडल्या नाहीत. महिनाअखेर केव्हाच उलटून गेली, सरांची पत्रं आली, मग पत्रं यायची थांबली. शैला लेकीला काही विचारायची नाही. ताम्हनं आता ती चिंच-मीठ लावून घासायची. ती लख्ख व्हायची, पण तो कोवळा रंग येत नसे. एके दिवशी तिने घासलेला कलश पालथा घालता घालता एवढंच म्हटलं, "त्या बाईने कुणासाठी काढली होती ती माती? ठेवून द्यायला काढली होती का?"

आभाने गाठी सोडल्या. आतली राख एकाच थरातली होती, खडा नाही, मूळ नाही, सरमिसळ नाही. पोकळीच्या पार मागच्या भिंतीतून, दिवसाचा उजेड न पोचणाऱ्या जागेतून काढलेली. प्रयोगशाळेने असा स्वच्छ नमुना क्वचित मिळतो असं मुद्दाम कळवलं. रसायन जुळलं. राख तोबाचीच होती. प्रबंध झाला, नावामागे डॉक्टर लागलं, विभागात पेढे वाटले गेले आणि त्यातला एक आभानेही खाल्ला.

प्रबंधात थरांचा तो फोटो आहे. सर म्हणाले होते, "डाव्या कोपऱ्यात खाली हे दगड कसले? कापून टाक तेवढा भाग, विचित्र दिसतंय." आभा म्हणाली, "नको, सर." त्यांनी कारण विचारलं नाही. फोटोखाली थराची जाडी लिहिली आहे, दिशा लिहिली आहे, तारीख लिहिली आहे. आभाराच्या पानावर बयाबाईचं नाव सगळ्यात आधी आहे. ते वाचून कुणाला काय कळणार.

मंगळवारी दुपारी, कुठेही असली, तरी आभाला तो रविवारचा फोन आठवतो. तेव्हा ती हॉस्टेलच्या जिन्यात उभी होती, एका कानाशी फोन, दुसऱ्या हातात सेमिनारचे कागद. पलीकडे कोंबड्यांचा कलकलाट, कुणीतरी पाणी ओतत होतं.

"मावशी, अजून दोन किलो लागते. मला यायला जमत नाहीये. तू काढून ठेवशील?"

"कुठली, खांबातली?"

"तसलीच हवी. कुणी हात न लावलेली."

"खांबातली नको. पार मागं भिंत हाय, तिला बी कुणी हात लावला नाय. जरा सरपटत जावं लागंल, येवढंच. उद्या काढते."

"त्रास होईल का गं?"

"त्रास कसला! रोजचंच हाय."

"मग मी मंगळवारी घरी येते रात्रीच्या गाडीने, तिथेच घेते."

"ये. वहिनीला सांग, मी जरा उशिरा येईन, दोन वझी हायेत. आन ऐक, येताना झाकणाचा डबा आण बाई. मागल्या येळंला तू उघड्या खोक्यात नेली, एष्टीच्या वाऱ्यानं निम्मी माझ्याच डोळ्यात गेली."